खातरजमा करून घ्या

आमच्या गल्लीत त्यांना सगळे ‘खातरजमा’ म्हणायचे. तोंडावर खातरजमाभाऊ, पाठीमागे नुसतंच खातरजमा. कारण माणूस दर चार वाक्यांमागे एकदा तरी म्हणायचा, ‘माझ्यावर विश्वास ठेवू नका, खातरजमा करून घ्या.’ दुरुस्तीला आलेला कॉम्प्युटर परत देताना ते तो चालू करून दाखवायचे, बंद करून दाखवायचे, पुन्हा चालू करायचे. गिऱ्हाईक कंटाळून निघालं की त्याला दारातून परत बोलवायचे, ‘अहो, आवाज येतो का ते बघितलंच नाहीत तुम्ही.’ माझं दुकान त्यांच्या दुकानाला लागून, मध्ये नुसतं लाकडी पार्टिशन. त्यामुळे ही सगळी खातरजमा मी वर्षानुवर्षं फुकट ऐकलेली आहे.

मी कपडे शिवत नाही, दुरुस्त करते. पँटची उंची कमी करणं, चेन बदलणं, कोटाला नवं अस्तर लावणं. जिभेनं जरा तिखट आहे असं म्हणतात, म्हणोत. भाऊंना जाऊन आता बरेच दिवस झाले, तरी लोक त्यांच्याबद्दल जे बोलतात ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. म्हणून हे लिहायला बसले.

बिटकॉइनचं खूळ भाऊंच्या डोक्यात शिरलं तेव्हा ते आजच्यासारखं पोराटोरांना माहीत नव्हतं. घरबसल्या परदेशातल्या लोकांची बारीकसारीक कामं करणारी काही माणसं होती. कोणी चित्रं काढायचं, कोणी टायपिंग करायचं. मी स्वतः कुठल्याशा वाद्यवृंदासाठी भरतकामाचे बिल्ले करून पाठवायचे. काम व्हायचं, पण मेहनताना हातात पडायला बँकेचे उंबरे झिजवावे लागायचे, आणि बँक मध्ये बसून त्यातला चांगला घास खायची. बिटकॉइन म्हणजे इंटरनेटवरचा पैसा, परदेशी गिऱ्हाइकानं तो पाठवला की मध्ये बँक येतच नाही. भाऊंनी त्यासाठी एक साधी वेबसाइट काढली. तिथे लोकांनी आपले बिटकॉइन ठेवायचे, हवे तेव्हा रोख करून घ्यायचे, नाहीतर दुसऱ्याला पाठवायचे. भाऊ त्यातून चिमूटभर घ्यायचे. एवढाच धंदा.

पण अनोळखी माणसाकडे पैसे ठेवणार कोण? त्या काळात अशा वेबसाइटी रोज उगवायच्या आणि लोकांचे पैसे घेऊन रातोरात गायब व्हायच्या. भाऊंनी पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘माझ्याकडे जास्त ठेवू नका. लागतील तेवढेच ठेवा.’ वहिनी, म्हणजे भाऊंची बायको, कपाळाला हात लावून म्हणायची, ‘अहो, दुकान मांडलंय की गिऱ्हाईक हाकलायला बसलाय?’ प्रत्येक पत्राला ते स्वतः उत्तर द्यायचे. कोणाचे पैसे पोचायला जरा उशीर झाला तर त्यानं विचारायच्या आधी माफीचं पत्र जायचं. मग व्हायचं तेच झालं. इतका प्रामाणिक माणूस आहे म्हणून लोक जास्तच ठेवायला लागले.

आणि शनिवारचं वाक्य होतं. ते समजून घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही, म्हणून जरा धीर धरा. बिटकॉइन ठेवलेली जागा जगात कोणालाही इंटरनेटवर दिसते. किती आहेत, हलले की नाही, सगळं. पण हलवता येतात फक्त किल्ली असलेल्यालाच. ही किल्ली म्हणजे यंत्रानं तयार केलेला लांबलचक आकडा. त्याच किल्लीनं एखाद्या वाक्यावर सही करता येते, आणि सही त्याच किल्लीची आहे की नाही हे कोणीही तपासू शकतं. भाऊ दर शनिवारी खातेदारांपैकी कोणाकडून तरी एक ताजं वाक्य मागवायचे आणि त्यावर सही करून वेबसाइटवर लावायचे. म्हणजे पैसे जागेवर आहेत हे जगाला दिसायचं, आणि किल्ली आजही भाऊंकडेच आहे हेही कळायचं.

वाक्यं काय एकेक यायची! ‘आमच्या मांजरीनं कपाटात पिल्लं घातली.’ ‘सोमवारी दाढ काढायची आहे आणि मी आत्तापासून थरथरतोय.’ एकदा माझी पाळी आली. भाऊंच्या तपकिरी कोटाची बाही खांद्याशी उसवली होती आणि शेजारी दुकान असून हा माणूस महिनोन् महिने तसाच हिंडत होता. मी वाक्य दिलं, ‘भाऊंच्या कोटाची बाही अजून उसवलेलीच आहे.’ त्यांनी गंभीर चेहऱ्यानं त्यावर सही केली आणि लावलं. पुढचे कितीतरी आठवडे लोकांची पत्रं येत होती, बाही शिवली का म्हणून. शेवटी मीच तो कोट त्यांच्या अंगावरून ओढून घेतला आणि शिवून दिला.

किल्ली असायची मागच्या खोलीतल्या कपाटात, एका जुनाट कॉम्प्युटरमध्ये. त्याला इंटरनेट कधी जोडलंच नव्हतं. तो बिघडला तर काय, म्हणून भाऊंनी किल्लीच्या तीन प्रती काढल्या. दोन साक्षीदार बोलावले. एक समोरचा चष्मेवाला, दुसऱ्या निवृत्त ग्रंथपाल बाई, ज्या परदेशी पुस्तकांच्या सूची करून द्यायच्या आणि भाऊंच्या अगदी पहिल्या खातेदार होत्या. तिघांच्या देखत प्रती पाकिटांत घालून लाखेची मोहर केली. एक पाकीट चष्मेवाल्याकडे, एक बाईंकडे, एक बँकेच्या तिजोरीत. त्या प्रती भाऊंच्या पासवर्डशिवाय उघडायच्या नाहीत. आणि वेबसाइटवर भाऊंनी लिहिलं, ‘प्रती फक्त तीन आहेत. चौथी नाही आणि कधी काढली जाणार नाही. पाकिटं दोन्ही साक्षीदारांसमोरच उघडली जातील.’ का, तर लबाड लोक हेच करतात म्हणे. लपवून एक जादा प्रत ठेवायची, पैसे पळवायचे आणि चोरी झाली म्हणून गळा काढायचा.

पण एकदा मोहर केलेली पाकिटं उघडायची वेळच का यावी, ते मला काही नीट कळेना. मी म्हटलं, ‘भाऊ, मला कोटाखिशांच्या भाषेत सांगा.’

‘समजा एका कोटाला शंभर खिसे आहेत,’ ते म्हणाले. ‘सगळे पैसे पहिल्या खिशात. त्यातले थोडे कोणाला दिले की उरलेली मोड परत त्या खिशात जात नाही. दुसऱ्यात जाते. पुढच्या वेळी तिसऱ्यात. आणि प्रत्येक खिशाची किल्ली वेगळी. पाकिटात त्या शंभर किल्ल्या.’

‘शंभर संपले की?’

‘यंत्र नवे खिसे शिवतं.’

‘मग त्यांच्या किल्ल्या पाकिटात कुठून असणार?’

‘नाहीच असणार. म्हणून शंभर संपायच्या आत पाकिटं उघडायची, नव्या प्रती काढायच्या, पुन्हा मोहर करायची.’ आणि मग हसून म्हणाले, ‘तुम्ही या धंद्यात यायला हवं होतं, ताई.’

दोन वर्षं तरी पुरतील असा त्यांचा अंदाज होता. पण खातेदार वाढले. आठवड्यातून एकदा मोठ्या साठ्यातून पैसे काढायचे ते रोज काढावे लागायला लागले. वापरलेले खिसे नव्वदीच्या घरात आल्यावर त्यांच्या ध्यानात आलं. विसरले नव्हते, हे मी मुद्दाम सांगते, कारण लोक म्हणतात की निष्काळजी होता. त्यांनी चष्मेवाल्याला निरोप दिला, ग्रंथपाल बाईंकडे गेले. तर बाईंच्या घराला कुलूप. लेकीच्या बाळंतपणाला दूर गेल्या होत्या. फोनवर म्हणाल्या, महिनाभरात येते, तोवर नका उघडू, नियम तुम्हीच केलाय.

पैसे देणं थांबवलं असतं तर लोक घाबरले असते. या धंद्यात एक दिवस उशीर म्हणजे बोंब. त्यामुळे भाऊ देत राहिले आणि शंभर ओलांडले. रोज पार्टिशनपलीकडून त्यांचं सुस्कारणं ऐकू यायचं. मी एकदा न राहवून तिकडे गेले आणि म्हणाले, ‘भाऊ, बाई येईपर्यंत गुपचूप एक प्रत काढून ठेवा की. मग टाका मोडून. कोणाच्या बापाला कळणार आहे?’

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी गिऱ्हाइकाच्या खिशात हात घालायला सांगितलाय.

‘मला कळेल ना, ताई.’

बाई यायला आठवडा उरला होता तेव्हा तो कपाटातला कॉम्प्युटर गेला. मला तो आवाज अजून आठवतो, घड्याळ अडखळल्यासारखा, टक्, थांबून पुन्हा टक्. भाऊंनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या मेलेल्या डिस्क जिवंत करून दिल्या होत्या. लग्नाचे फोटो, पोरांचे फोटो, कोणाचा प्रबंध. लोक त्यांच्या पाया पडायचे बाकी राहायचे. आपली स्वतःची डिस्क त्यांनी उघडली आणि नुसतेच बसून राहिले. आतल्या चकचकीत तबकडीवर गोल ओरखडा पडला होता, खोल. जिथे अशी कामं होतात अशा एका मोठ्या प्रयोगशाळेत त्यांनी ती पाठवली. ती प्लास्टिकच्या पिशवीत परत आली. सोबत दोन ओळींची दिलगिरी.

बाई आल्या. लाखेची मोहर सगळ्यांसमोर फोडली. शंभरच्या शंभर खिसे उघडले. सगळे रिकामे. पैसे त्याच्या पुढच्या कुठल्यातरी खिशात होते आणि त्याची किल्ली त्या ओरखड्याखाली गेली होती.

भाऊंनी त्याच दिवशी सगळं जसंच्या तसं वेबसाइटवर लिहिलं. चूक माझी आहे, किल्ली गेली, आता पैसे कोणालाच कधीच हलवता येणार नाहीत. त्यांना वाटलं, लोक शिव्या देतील आणि मग रडतील. पण भाऊंनीच त्यांना शिकवलेलं होतं. लोकांनी आधी खातरजमा केली. इंटरनेटवर ती जागा उघडून बघितली, तर पैसे तिथेच! एक दाणाही हललेला नाही. चोरी झाली असती तर पैसे गेलेले दिसले असते, निदान कोणी कीव तरी केली असती. इथे सगळं जिथल्या तिथे, फक्त भाऊ म्हणतात की किल्ली हरवली. मग लोकांनी काय समजायचं? पहिलं पत्र आलं ते असं, ‘वा, छान. आता गवगवा थांबला की काढणार वाटतं?’

त्या दिवसापासून त्या माणसाच्या आयुष्यातलं बाकी सगळं संपलं. एकच गोष्ट उरली. किल्ली आपल्याकडे नाही हे कोणीतरी खरं मानावं.

पोलिसात तक्रार गेली. अधिकारी भला माणूस होता, चहा दिला, नीट ऐकून घेतलं. मीही गेले होते, वहिनीच्या सोबतीला. तो म्हणाला, ‘किल्ली तुमच्याकडे आहे हे दाखवायला काय लागतं?’

‘एक सही,’ भाऊ म्हणाले.

‘आणि नाही हे दाखवायला?’

‘ते नाही दाखवता येत, साहेब,’ भाऊ म्हणाले.

‘मग मी लिहू काय?’

त्यानं काय लिहिलं कोणास ठाऊक. भाऊंना पकडलं नाही आणि निर्दोषही म्हटलं नाही. भाऊ त्या दिवशी पायऱ्या उतरताना मला म्हणाले की पकडलं असतं तर बरं झालं असतं, निदान झडती तरी झाली असती.

घरच्या झडत्या मात्र झाल्या. खातेदार यायचे, खातेदारांचे मेहुणे यायचे, काही तर ज्यांचा काडीचा संबंध नाही असे. भाऊ दार सताड उघडून म्हणायचे, ‘बघा, सगळं बघा, खातरजमा करून घ्या.’ लोक कपाटं उपसायचे, बाथरूममधली फरशी वाजवून बघायचे. चष्मेवाल्याचे बरेच पैसे अडकले होते. त्यानं एका संमोहनवाल्याला आणलं. भाऊ म्हणाले, अरे बाबा, ती किल्ली मी डोळ्यांनीसुद्धा कधी बघितलेली नाही, ती यंत्रानं बनवलेली, माझ्या डोक्यातून काय निघणार? पण बसले. त्यातून तरी सिद्ध होईल म्हणून बसले. संमोहनवाल्यानं साखळी हलवली, पाण्यासारखा आवाज काढला, आणि कित्येक दिवस न झोपलेले भाऊ पाचव्या मिनिटाला घोरायला लागले. आम्ही त्यांना उठवलं नाही. चष्मेवाला जाताना म्हणाला, ‘बघितलंत? इतकी शांत झोप कोणाला लागते?’

शनिवारची वाक्यं येणं थांबलं नाही. आता ती वाक्यं अशी होती की मला लिहायला लाज वाटेल. भाऊ तीही वेबसाइटवर लावायचे आणि खाली लिहायचे, ‘यावर सही करता येत नाही. किल्ली नाही.’ दर शनिवारी. मी म्हणायचे, बंद करा हे. ते म्हणायचे, बंद केलं तर पळून गेलो म्हणतील. एकदा कुठल्या तरी दूरच्या माणसाचं पत्र आलं, फक्त एवढंच, ‘ती बाही नीट टिकली का?’ भाऊंनी ते मला वाचून दाखवलं आणि त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी लगेच उत्तर लिहिलं. त्या माणसाचं पुन्हा काही पत्र आलं नाही.

आणि बिटकॉइनचा भाव वाढत गेला. तुम्हाला माहीतच आहे तो कसा वाढला. साधारण बऱ्या घराइतके पैसे होते ते आधी, मग इमारतीइतके झाले, मग कशाइतके ते सांगायला आमच्याकडे मापच उरलं नाही. भाव चढला की गल्लीत अनोळखी माणसं दिसायला लागायची. एकदा दोघांनी भाऊंना जिन्यात गाठून मारलं, तीन बोटं मोडली. त्या बोटांनी पुढे बारीक काम होईना, मग भाऊ नुसत्या तारा जोडण्याचं, प्लग बदलण्याचं काम करायला लागले. भाव पडला की लोक म्हणायचे, बघा, मूर्खानं वेळेवर काढले नाहीत. चढला की म्हणायचे, पक्का आहे, अजून थांबलाय.

माझं काय? माझेही बिल्ल्यांचे पैसे त्यात होते, फार नव्हते. मी भाऊंच्या बाजूनं सगळ्या गल्लीशी भांडायचे. पण एकटीच मशीनवर बसलेली असताना, भाव खूप चढल्याची बातमी रेडिओवर लागली, की पायडलवरचा पाय आपोआप थांबायचा. इतके पैसे. कोणी खरंच हरवेल का? मग स्वतःचीच चीड यायची आणि मी जोरात मशीन चालवायचे.

वहिनीचं मात्र तसं नव्हतं. ती घरी पाळणाघर चालवायची, ते बंद पडलं, कारण अशा घरात पोरं कोण ठेवणार? मग ती बेकरीत खोक्यांना घड्या घालायच्या कामाला लागली. तिचं माहेर तुटलं, तिच्या भावाचेही पैसे होते त्यात. पण तिनं एका शब्दानं कुरकुर केली नाही. कोणी भांडायला आलं की दारात कमरेवर हात ठेवून उभी राहायची, ‘माझा नवरा खोटं बोलत नाही. निघा आता.’ एकच साडी धुवून धुवून नेसायची. मी म्हणायचे, वहिनी, तुमच्या धीराला मानलं पाहिजे. ती हसून म्हणायची, ‘अगं, दिवस पालटतात.’ तिला रोजचा भाव तोंडपाठ असायचा, एवढं एक मला विचित्र वाटायचं. मला वाटायचं, बिचारी झुरते.

भाऊ मला एकदा म्हणाले होते, ‘ताई, पैसे गेले, नाव गेलं, ते आता यायचं नाही. पण एका माणसानं जरी मनापासून म्हटलं ना, की तुझ्याकडे नाही हे मला माहीत आहे, तर पुरे झालं. आणि ते एक माणूस माझ्या घरात आहे. मी फार काही वाईट नाही जगलो.’

मग त्यांचं हृदय थकलं. चार पावलं चालले की धाप लागायची. सरकारी दवाखान्यात ठेवलं, खिडकीशेजारची खाट मिळाली. शस्त्रक्रिया करायची ठरली, पण डॉक्टरांनी वहिनीला बाजूला घेऊन सांगितलं की भरवसा देता येत नाही. मी त्या दिवशी डबा घेऊन गेले होते. दुपारची वेळ, शेजारच्या खाटेवरचा म्हातारा झोपलेला. वहिनीनं खाटेभोवतीचा हिरवा पडदा ओढून घेतला. मी उठायला लागले तर म्हणाली, ‘बस गं, तू काही परकी नाहीस.’ मग ती भाऊंच्या तोंडाजवळ वाकली.

‘अहो,’ ती म्हणाली, ‘आता तरी सांगा. कुठे ठेवलीय?’

‘काय?’

‘किल्ली. मी कोणाला सांगायची नाही. घाईही करायची नाही, तुम्ही म्हणाल तितकी वर्षं थांबेन. आजवर कधी विचारलं का? तुमचं तुम्हाला कळतंय म्हणून गप्प राहिले. पण आता तुम्हाला काही झालं तर?’

भाऊंनी तिच्याकडे बघितलं. इतकी माणसं त्यांच्या अंगावर धावून आलेली मी बघितली आहेत, बोटं मोडली त्या दिवशीचा चेहराही बघितला आहे. पण असा चेहरा कधी बघितला नव्हता.

‘नाहीये गं,’ ते म्हणाले. ‘खरंच नाहीये.’

वहिनीनं चादर नीट केली, दुमडली, पुन्हा नीट केली. ‘बरं,’ ती म्हणाली. ‘नंतर सांगा. दमू नका.’

भाऊंनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. त्यांना काय हवं होतं ते मला लख्ख कळलं. मी म्हणाले, ‘वहिनी, नाहीये त्यांच्याकडे. मला माहीत आहे.’ पण माझा आवाज क्षणभर उशिरा निघाला. पायडलवरचा पाय थांबायचा ना, तेवढाच उशीर. आयुष्यभर दुसऱ्यांना तपासून बघायला शिकवणाऱ्या माणसाला तेवढा पुरला. त्यांनी मान फिरवली आणि खिडकीकडे बघत राहिले. मी डबा उघडला, त्यांनी खाल्लं नाही. शस्त्रक्रियेनंतर ते शुद्धीवर आलेच नाहीत.

त्यांचं सगळं आटोपल्यावर वहिनीनं घर उसवायला काढलं. गाद्या, उशा तिनं स्वतःच फाडल्या. भिंतीवरचं घड्याळ खोललं. रोज बेकरीतून आली की एकेक वस्तू घ्यायची. कपडे मात्र माझ्याकडे आणले, म्हणाली, तुझा हात बसलाय, फाटायचं नाही. शर्ट झाले, पँटी झाल्या. काल तो तपकिरी कोट घेऊन आली.

‘अस्तर उसवून बघ,’ ती म्हणाली. ‘सावकाश.’

‘वहिनी, यात काही नाही हो.’

‘तू बघ तर.’

मी ब्लेड घेतलं. अस्तर काढलं, खांद्यांतल्या गाद्या काढल्या, घेर उलगडला. मग ती बाही आली. माझाच टाका होता, पक्का घातलेला, एवढी वर्षं जराही ढिला झाला नव्हता. तो उसवताना मला रडू फुटलं, पण बोटं माझी थांबली नाहीत. ती शिवणीच्या आतून चाचपडत पुढे पुढे जात होती, कोपरे दाबून बघत होती, आणि मी वहिनीसाठी बघतेय असं मी स्वतःला सांगत होते. काही नव्हतं. धूळ होती आणि दोऱ्याचे तुकडे.

वहिनी स्टुलावर बसून होती. ती म्हणाली, ‘मला तरी सांगायचं गं त्यांनी. सगळ्या जगाशी भांडले मी त्यांच्यासाठी. माहेर सोडलं. आणि शेवटी माझ्यावरसुद्धा विश्वास ठेवला नाही.’

मी कोटाचे तुकडे टेबलावर सारखे करायला लागले.

तिनं पदरानं डोळे पुसले आणि पुढे वाकून बघितलं.

‘कॉलर राहिली,’ ती म्हणाली.

मी कॉलर उसवायला घेतली.